वाघाच्या ताटात काय वाढलंय?

डिसेंबर २०२५. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बिबट्यांच्या हल्ल्यांवर चर्चा चालू होती. उत्तर देताना वनमंत्री गणेश नाईक यांनी सभागृहापुढे एक हिशोब मांडला. बिबट्याने माणूस मारला तर सरकार वारसांना पंचवीस लाख रुपये देतं. चार माणसं गेली की झाले एक कोटी. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडल्या, तर बिबट्या गावाकडे फिरकणार नाही.

यावर विनोद पुष्कळ झाले. शेळी पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की शेळी रानात मुक्काम करत नाही. दिवस कलला की ती आपणहून गावाची वाट धरते. वाट न सापडलेल्या शेळ्या दोन-चार रात्रींत संपतील. त्यांच्या अंगावरचे लाळ्या-खुरकूत आणि पीपीआरसारखे रोग मात्र रानातल्या भेकरांच्या आणि सांबरांच्या वाट्याला जातील. शिवाय ज्या बिबट्यांवर सभागृह तापलं होतं ते जंगलात राहतच नाहीत. त्यांचा जन्म उसातला, त्यांच्या आईचा जन्मही उसातला. जंगलात ठेवलेल्या शेळ्यांचं निमंत्रण त्यांना पोचणार कसं?

उत्तर चुकलं, पण मंत्र्यांचा प्रश्न बरोबर होता असं माझं मत आहे. मोठा शिकारी प्राणी कुठे राहील, किती राहतील आणि माणसाच्या वाटेत कधी येतील, हे ठरतं त्याच्या ताटात काय वाढलंय त्यावर. आपण मोजतो मात्र शिकारी. महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते, २०२२ साली ४४४ झाले. हे आकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असतात. २०२२च्याच गणनेत राज्यात १,९८५ बिबटे धरले आहेत. पण ती गणना वाघांच्या पट्ट्यातल्या जंगलांपुरती होती, ऊस तिच्यात धरलेलाच नाही. म्हणजे विधानसभेत ज्यांच्यावर चर्चा झाली ते बिबटे त्या आकड्याच्या बाहेरच आहेत. आणि ते ज्यांच्यावर जगतात त्या कुत्र्या-शेळ्यांचा, डुकरांचा नि भाकड गुरांचा विचार वनखात्याच्या कागदावर येतो तो फार तर नुकसानभरपाईच्या रकान्यात.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातले चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं आणि बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने जागचा हलत नाही. एकदा बांधणी झाली की तोडणीपर्यंत आत सहसा कुणी जात नाही. आत सावली असते, गारवा असतो, पाटाचं पाणी असतं. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला यापेक्षा निवांत जागा सह्याद्रीच्या कड्यातही मिळायची नाही.

पण नुसत्या आडोशावर कुणी जगत नाही. अकोले तालुका जुन्नरला लागून, अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांच्या मधोमध कॅमेरे लावून अभ्यास केला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा त्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तेवढीच तरसं. आसपास नाव घेण्याजोगं जंगल नाही, हरणं नाहीत. मग हे खातात काय? विष्ठेचे नमुने तपासल्यावर उत्तर मिळालं. वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या आहारात ८७ टक्के पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने राहणारी जनावरं होती. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांचा अवघा ११. खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. पण शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं हिंडत असतं.

हा आकडा वाचला की वस्त्यांवरच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. नारायणगावच्या पुढे मळ्यातल्या एका वस्तीवर शेळ्यांचा गोठा पाहिला. चारही बाजूंनी साखळी जाळी, खाली दोन थर विटा, दाराला आतून-बाहेरून कडी. पत्रा आणि जाळी यांच्यामध्ये मात्र वीतभर फट होती, तीही नव्या तारेने शिवून घेतलेली. मागच्या पावसाळ्यात बिबट्या त्याच फटीतून उतरला होता. एक करडू नेलं, आणि जाता जाता दोन शेळ्या मारून टाकून गेला. अंगणात मात्र कुत्रं नव्हतं. घरच्या म्हाताऱ्याने सांगितलं, ‘तीन गेली. आता आणीत न्हाई. कुत्रं भुकायला लागलं तर समजायचं, लांब आहे. भुकता भुकता गप झालं की उठून बसायचं.’

शेळी गेली तर पंचनामा होतो. वनरक्षक येतो, फोटो काढतो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडतो. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यांतली कमी असेल ती रक्कम शेळी-मेंढीसाठी मिळते. गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी ही मर्यादा ७० हजारांची. कुत्र्याला काही नाही. बिबट्या सर्वांत जास्त जे खातो त्याची सरकारदरबारी किंमत शून्य, त्यामुळे त्याची नोंदही होत नाही. रात्रीतून कुत्रं नाहीसं होतं तेव्हा कुणी वनखात्याला फोन करत नाही. बिबट्याच्या हालचालीची पहिली खूण अशी रोज वाया जाते.

कुत्री वाढतात कशावर, हाही प्रश्न आहेच. बाजाराच्या गावाबाहेरचा उकिरडा, मटणाच्या दुकानामागची टाकाटाक, पोल्ट्रीतून ओढ्यात भिरकावलेल्या मेलेल्या कोंबड्या. एकेकाळी मेलेलं ढोर गिधाडं संपवत. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडं संपवली आणि ती पंगत कुत्र्यांना खुली झाली. म्हणजे गावचा कचरा कुत्र्यात जातो आणि कुत्रं बिबट्यात. ही साखळी पर्यावरणाच्या शालेय पुस्तकात नसते. ग्रामपंचायतीच्या ठरावात तर नसतेच.

मुंबईत याच साखळीचा उलटा हिशोब झाला आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे वर्षाला अंदाजे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे सुमारे हजार प्रकार टळत असावेत, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडलं. बिबट्याला रेबीजविरोधी खात्यात नोकरी देण्याजोगाच हा आकडा आहे. पण ओशिवऱ्याच्या सोसायटीत बसून तो वाचणं वेगळं आणि रात्री बारा वाजता उसाला दारं धरायला जाणं वेगळं. शेतीची वीज रात्री येते तेव्हा पाणीही रात्रीच द्यावं लागतं. बॅटरी आणि खोरं घेऊन माणूस पाटाच्या कडेने वाकून चालतो आणि दारं मोडायला खाली बसतो. उभ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. वाकलेलं, बसलेलं माणूस आणि लहान मूल त्याच्या नेहमीच्या भक्ष्याच्या उंचीचं होतं. दिवसा वीज द्या ही जुन्नरकरांची मागणी म्हणूनच वन्यजीव व्यवस्थापनाचीही मागणी आहे. तिचा कागद मात्र महावितरणकडे जातो.

इथे वीसेक वर्षांपूर्वीचा धडा सांगायला हवा, कारण दर मोठ्या हल्ल्यानंतर तो विसरला जातो. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे धरून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याचा सपाटा लागला. हेतू चांगला होता. १९९३ ते २००१ या काळात या विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये सरासरी सतरावर गेली. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे आकडे प्रसिद्ध केले. रिकाम्या झालेल्या जागेत नवा बिबट्या येतो, त्याला वस्ती, कुत्री, रस्ते यांची सवय नसते. जो उचलून नेला तो अनोळखी मुलखात, माणसाच्या हातून त्रास सोसून, सैरभैर होतो. काही बिबटे तर घराची वाट धरतात. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक वयस्कर नर २००९ साली रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. तो चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वाट, मध्ये रेल्वेचे रूळ, महामार्ग, वसईची खाडी. त्याचं नाव ‘आजोबा’, आणि त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्या सगळ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला हात लावला नव्हता.

आणि तरीही माणसं मरतात, हे खरंच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन जण गेले. एक पाच वर्षांची मुलगी, एक ऐंशी ओलांडलेली आजी, एक तेरा वर्षांचा मुलगा. गावाने वनखात्याची गाडी जाळली, मंचरला महामार्ग अडवला. त्याच आठवड्यात नेमबाजांनी एक बिबट्या मारला. नंतर पिंपरखेडच्या बायकांची छायाचित्रं सगळीकडे छापून आली. खुरपणीला जाताना त्यांनी गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे बांधले होते. हे पट्टे मूळचे धनगरांच्या कुत्र्यांचे. वाघरीत मेंढरं कोंडून रात्र काढणारे मेंढपाळ आपल्या राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात ते घालत आले, कारण बिबट्या नरडं धरतो. माणसाने कुत्र्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घालावा, याहून बोलकी वस्तुस्थिती मला सांगता येणार नाही.

आता माद्यांच्या गर्भनिरोधाचा प्रयोग करायला केंद्राने परवानगी दिली आहे. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र भरलेलं आहे, तेव्हा काहीतरी करायला हवं हे खरं. पण ज्या मादीला इंजेक्शन देणार ती आधी सापडली पाहिजे, पुन्हा उसात सोडली पाहिजे, आणि तिला परत सोडायला गावाने मान्यता दिली पाहिजे. पिंजऱ्यात धरलेला बिबट्या आपल्याच शिवारात पुन्हा सोडू देणारं गाव कुणी दाखवावं. शिवाय कुत्री, शेळ्या आणि ऊस तेवढेच राहिले, तर आज रिकामी केलेली जागा उद्या शेजारून भरून निघेल. तोंडं कमी करताना ताट तसंच भरलेलं ठेवायचं, असा हा बेत आहे. मी त्याच्या विरोधात नाही. त्याच्या जोडीला उकिरडा, कुत्र्यांची नसबंदी, गोठ्याची जाळी आणि दिवसाची वीज असली तरच तो काही कामाचा.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी, वसुबारसेला, आपण गाय-वासराची पूजा करतो. अकोले तालुक्याच्या डोंगरी भागातले महादेव कोळी त्याच दिवशी वाघबारस करतात. गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड असतो, शेंदूर लावलेला, कधी त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. गुराखी पोरं तिथे नैवेद्य दाखवतात आणि वर्षभर आमच्या गुरांना सांभाळ म्हणून वाघाकडेच मागणं मागतात. याचा अर्थ ते लोक वाघावर माया करतात असा काढणाऱ्यांनी जरा थांबावं. हा करार आहे, आणि दोन्ही बाजूंनी. वर्षाकाठी एखादं जनावर जाणार हे त्यात धरलेलं असतं. गेलं तर देणं फिटलं. त्यापेक्षा जास्त गेलं तर वाघोबाचं काही चुकलं नसेल, आपलं काय चुकलं याचा शोध गाव घेतं. पंचनाम्याची व्यवस्था आली तशी ही जबाबदारी शिवेवरून उचलून वनखात्याच्या दारात गेली. आता जनावर मेलं की ‘तुमच्या वाघाने मारलं’ असं वनरक्षकाला ऐकावं लागतं. जंगल सरकारचं, म्हणून वाघही सरकारचा. मग सरकारचा वाघ माझं जनावर खातो ते कोणत्या हक्काने?

हा सवाल खरा धारदार होतो तो चंद्रपुरात.

वाघाचं गणित बिबट्याहून मोठं आणि सोपं आहे. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी नागरहोळेपासून देशभरच्या जंगलांत काम करून ते मांडलं. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी खुरवाली जनावरं लागतात. भक्ष्याच्या संख्येतला दरवर्षी दहावा हिस्सा वाघाने खाल्ला तरी ती टिकते. म्हणजे एका वाघामागे पाचशे सांबर-चितळ-गवे रानात हवेत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, भोवतीचं बफर अकराशेचं. गाभ्यातून नवेगाव, जामणी ही गावं बाहेर हलवली गेली, आणि त्यांच्या धानाच्या बांध्यांत वर्षा-दोन वर्षांत गवत माजलं. गवतावर चितळ आले, चितळांवर वाघ. उठलेल्या गावाच्या बांध्यांत वाघीण पिल्लांसह पहुडलेली पर्यटकांच्या कॅमेऱ्यात येते तेव्हा ती जंगलाची किमया वाटते. खरं तर ती कुणबी-गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या सपाट केलेल्या, पाणी अडवलेल्या जमिनीची किमया आहे. भक्ष्य वाढवायचं काम इथे झालं, आणि चांगलंच झालं.

पुढे काय होणार हेही उघडच होतं. भक्ष्य वाढलं की पिल्लं जगतात. दोन वर्षांची झाली की आई त्यांना हाकलते. नवा नर जागा शोधत निघतो. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला तो विदर्भ-तेलंगणा-मराठवाडा पालथा घालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन थांबला. तेराशे किलोमीटरांची पायपीट. सगळे इतके लांब जात नाहीत. बरेचसे ताडोबाशेजारच्या ब्रह्मपुरी वनविभागात राहतात. तिथे बांध्यांच्या आणि गावांच्या मधोमध झुडपी जंगलाचे पट्टे आहेत. अशा जंगलात चितळ-सांबर तुरळक असतात आणि वाघाच्या ताटात येतात ती मुख्यतः दोन जनावरं: रानडुक्कर आणि गाय-बैल.

रानडुकराबद्दल चंद्रपूरच्या शेतकऱ्याशी बोलावं. धान पोटरीला आला की दोन महिने तो मचाणावर जागली करतो. डुकरांचा एक कळप एका रात्रीत बांधीचा चिखल करून जातो. रोही हरभरा खातो, डुक्कर धानही खातं आणि मुळासकट उकरूनही काढतं. वाघाला मात्र हेच डुक्कर हवं. जो प्राणी वाघासाठी अन्न, तो शेतकऱ्यासाठी पीकचोर. सरकारच्या एका हाताला ते वाढायला हवं असतं आणि दुसऱ्या हाताला मारायला. २०१६ मध्ये केंद्रातल्या दोन मंत्र्यांत यावरून उघड वाद झाला. पर्यावरण खात्याच्या परवानगीने चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारली गेली, अशी मनेका गांधींनी जाहीर टीका केली. प्रकाश जावडेकरांनी, राज्यांनी मागितलं म्हणून परवानगी दिली, असं उत्तर दिलं. वाघाच्या तोंडचा घास काढतोय की शेतकऱ्याचा वाचवतोय, याचा हिशोब दोघांनीही मांडला नाही.

परवानगीची वाट न पाहणारे आपला बंदोबस्त स्वतः करतात. बांधावरून उघडी तार ओढायची आणि रात्री तिच्यात थेट खांबावरचा वीजप्रवाह सोडायचा. डुक्कर मरतं, रोही मरतो, कधी शेजारचा शेतकरी मरतो आणि डुकराच्या मागे आलेला वाघही मरतो. उमरेड-कऱ्हांडल्याचा ‘जय’ हा भारतातला गाजलेला वाघ २०१६ मध्ये नाहीसा झाला. त्याचा मुलगा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ शेतात पुरलेला सापडला, विजेच्या तारेने मेलेला. तार वाघासाठी लावली नव्हती. सौर कुंपणाचा झटका बसतो पण जीव जात नाही, आणि श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून बफरमधल्या गावांना अशी कुंपणं अनुदानावर मिळाली. मात्र ब्रह्मपुरीतलं जे गाव कोणत्याच बफरमध्ये नाही तिथे वाघ तेवढेच आणि योजना तोकड्या.

गुरांचं तर त्याहून अवघड झालं आहे. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंपर्यंत वाढला. म्हातारा बैल विकता येत नाही, पोसणं परवडत नाही. मग तो जंगलकडेला मोकळा सुटतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर सगळ्यात सोपं, सगळ्यात जड आणि सगळ्यात कमी सावध भक्ष्य आपण गावाच्या हद्दीवर आणून ठेवलं. त्या जनावराला शोधायला गुराखी झुडपात शिरतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बायका पहाटे चारला निघतात, कारण फूल पहाटे गळतं आणि उजाडल्यावर दुसरं कुणी नेतं. मे महिन्यात तेंदूपत्ता. पानं बुंध्याशी वाकून तोडावी लागतात, अशा वेळी वाकलेल्या पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एका वाघिणीने एकाच ठिकाणी मारल्या. तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. त्यातून वर्षाची रोकड येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका पुन्हा निघाल्या तर त्यांना अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

यवतमाळातली ‘अवनी’ (टी-१) ही वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, तिच्या नावावर १३ माणसं होती. गडचिरोलीतला सीटी-१ २०२२ मध्ये जिवंत पकडला, त्याच्याही नावावर १३. अवनीच्या वेळी देशभर मेणबत्त्या लागल्या, न्यायालयात धाव घेतली गेली. तिच्या मुलखात भक्ष्य कोणतं, हरणं किती, मोकाट गुरं किती, हे मात्र मी त्या काळात कोणत्याही मोर्चाच्या फलकावर वाचलं नाही. ज्या वाघाने माणसाला भक्ष्य मानलं तो रानात ठेवता येत नाही, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण त्याला उचलल्यावर तिथली मोकाट गुरं तशीच राहिली, तर पुढचा वाघ त्याच झुडपात, त्याच गुराख्यासमोर येणार आहे.

सह्याद्रीत गोष्ट उलट्या टोकाने चालू आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. ११६५ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरीच्या हद्दींत. नाव व्याघ्र प्रकल्प, पण बरीच वर्षं वस्तीला वाघ नव्हता. गोवा-कर्नाटकाकडून एखादा नर यायचा, कॅमेऱ्यात दिसायचा, निघून जायचा. माद्या येत नाहीत, कारण त्या नरांइतक्या लांब भटकत नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०२५ पासून ताडोबाहून वाघिणी आणायला सुरुवात झाली. पहिली ‘चंदा’ चांदोलीच्या सोनार्ली भागात आधी कुंपणात ठेवून मग मोकळी केली.

वाघिणी आणायच्या कितीतरी आधी ताट वाढायचं काम सुरू झालं होतं. सांगली जिल्ह्यात सागरेश्वर नावाचं जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर माणसाच्या हाताने उभं केलेलं. कुंपणाच्या आत हरणं वाढली, खाणारं कुणी नाही. ती कुंपणाबाहेर निघून आसपासच्या द्राक्षांत आणि उसात शिरू लागली. तिथली जास्तीची चितळं चांदोलीला न्यायचं ठरलं. चितळ भित्रं जनावर. जाळ्यात धरलं, हाताने उचललं तर धसक्याने मरतं. म्हणून मध्य प्रदेशात रुळलेली ‘बोमा’ पद्धत कामी येते. हिरव्या जाळीचं नरसाळ्याच्या आकाराचं आवार उभारायचं, रुंद तोंडाशी चारा-पाणी ठेवायचं, जनावरांना सवय होऊ द्यायची. मग एके पहाटे मागून पडदे बंद करत करत त्यांना अरुंद टोकाकडे न्यायचं. तिथे गाडीचं दार उघडं असतं, आणि चितळं आपल्या पायांनी गाडीत चढतात.

माझी शंका वेगळी आहे. चितळ हे उघड्या, कोरड्या रानाचं जनावर. चांदोली-कोयनेचा पाऊस आणि दाट सदाहरित झाडी त्याला फारशी मानवत नाही. इथलं खरं भक्ष्य म्हणजे गवा, सांबर आणि भेकर. चितळ टिकला तर तो टिकेल उठलेल्या गावांच्या जागी. वारणेच्या धरणाने आणि पुढे उद्यानाने चांदोलीतली गावं उठली. त्यांच्या भाताच्या खाचरांत आज गवत आहे, आणि झुडपं वाढून ते मिटू नये म्हणून वनखातं दरवर्षी तिथे राबतं. कोयनेच्या धरणग्रस्तांची तर तिसरी पिढी अजून जमिनीच्या कागदांमागे फिरते आहे. त्यांनी सोडलेल्या खाचरातलं गवत आज हरणांसाठी राखलं जातं हे ऐकून त्यांच्यातला कुणी टाळ्या वाजवील अशी अपेक्षा करू नये.

शिवाय चितळ ट्रकने आणणं सोपं, गवा आणणं तितकं सोपं नाही. आणि गव्याने आपली वाट आधीच बदलली आहे. डिसेंबर २०२० मध्ये एक गवा पुण्यात कोथरूडच्या सोसायटीत शिरला. माणसांच्या गराड्यात धावून धावून, दोर आणि इंजेक्शनांच्या धडपडीत संपला. पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ गव्याच्या धडकेने एक तरुण गेला. राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळ्याच्या अंगाला रात्री गव्यांचे कळप डोंगर उतरून उसात येतात. कोवळा ऊस त्यांना कुरणातल्या गवतापेक्षा गोड लागतो, आणि पहाटेपूर्वी डोंगरात परतणं त्यांना आताशा गरजेचं वाटत नाही. कराड-पाटणच्या उसात बिबटे आधीपासून आहेत. ताडोबाहून आणलेल्या वाघिणीने ज्याच्यावर जगायचं, तो सातशे-आठशे किलोचा प्राणी चांदोलीच्या सड्यावरून खाली कुणाच्या तरी फडात उभा असतो, आणि त्या फडाचा मालक वनखात्याला फोन करून सांगत असतो, तुमचे गवे तेवढे घेऊन जा.